लाईट जाऊन आली की वायफायचा प्रिंटर ‘ऑफलाइन’: पत्ता कुठं हरवतो ते शोधायची पद्धत

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी तुमच्या दुकानात, ऑफिसात किंवा घरी घडत असतील तर पुढचं वाचा.

- काल संध्याकाळपर्यंत प्रिंटर चालू होता. सकाळी कॉम्प्युटर ‘ऑफलाइन’ म्हणतो, पण प्रिंटरवरचा वायफायचा दिवा मात्र स्थिर पेटलेला आहे.
- लाईट जाऊन आली की हमखास बिघडतं.
- प्रिंटर बंद करून चालू केला की एक-दोन प्रिंट निघतात, अर्ध्या तासानं पुन्हा तेच.
- मोबाईलवरून प्रिंट निघते, कॉम्प्युटरवरून निघत नाही.
- ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला की आठवडाभर बरं चालतं.
- रोज ठराविक वेळेला किंवा ठराविक माणूस आला की प्रिंटर गायब होतो. (हे ऐकून हसू नका, याचं कारण सापडतं. खाली सांगितलंय.)

मी सांगलीत अडत दुकानं, मेडिकल, क्लासेस, सीएंची ऑफिसं अशा ठिकाणी नेटवर्क जोडून देतो आणि बिघडलं की बघायला जातो. सगळ्यांत जास्त फोन याच एका तक्रारीचे येतात. मागच्या हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातल्या एका अडतीवर गेलो होतो. सौदे उरकलेले, पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचे कागद) काढायच्या, आणि प्रिंटर गप्प. जतकडचे एक आजोबा मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसले होते. पट्टी हातात पडल्याशिवाय पैशाचं बोलणं पुढं सरकणार नव्हतं आणि परतीची एसटी गाठायची होती. मालक मला म्हणाले, “दादा, हा तिसरा प्रिंटर. आता चौथा आणू का?” प्रिंटर शाबूत होता. त्याच्या पत्त्यातला शेवटचा आकडा रात्रीत २३ चा २६ झाला होता, एवढंच. चार मिनिटांचं काम निघालं. त्यासाठी आजोबांचे दोन तास गेले आणि मालकांनी आधीचे दोन चांगले प्रिंटर मोडीत काढले होते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

कॉम्प्युटर प्रिंटरला शोधतो कसा

एवढं समजलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं, म्हणून इथं जरा थांबा.

वायफायवरच्या प्रत्येक यंत्राला दोन आकडे असतात. एक कारखान्यातून येतो तो मॅक पत्ता: ४८ बिटांचा, बारा अक्षर-आकड्यांचा. दुसरा आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३. हा राउटर देतो आणि काही मुदतीपुरताच देतो. घराच्या भाडेकराराला अकरा महिन्यांची मुदत असते ना, तशीच. ही पत्ते वाटायची पद्धत म्हणजे डीएचसीपी. मुदत निम्मी सरली की यंत्र स्वतःच राउटरकडे नूतनीकरण मागतं.

आता कॉम्प्युटरला प्रिंट पाठवायची आहे. त्याच्याकडे १९२.१६८.१.२३ हा आयपी पत्ता लिहून ठेवलेला आहे. पण वायफायवर पाकीट (माहितीचा छोटा गठ्ठा) पाठवायचं तर मॅक पत्ता लागतो. तो कुठून आणायचा? कॉम्प्युटर सगळ्या नेटवर्कला हाळी देतो: “१९२.१६८.१.२३ कोण आहे? तुझा मॅक सांग.” ज्याचा तो पत्ता तो उत्तर देतो, बाकीचे गप्प राहतात. यार्डात पोत्यांच्या थप्पीआडून एखाद्या हमालाला नावानं हाक मारावी आणि त्यानंच ‘ओ’ द्यावी, असं. या पद्धतीला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये ती लिहून काढली आणि आजही आपल्या दुकानातला प्रिंटर तिच्यावरच चालतो. मिळालेलं उत्तर कॉम्प्युटर थोडा वेळच लक्षात ठेवतो. विंडोज ते १५ ते ४५ सेकंदच पक्कं धरतं, मग पुन्हा विचारून खात्री करून घेतं.

ही पद्धत तारेवरच्या नेटवर्कसाठी केलेली होती. वायफायवर तिच्यात एक गोम आहे. वायफायवर एकाच यंत्राला उद्देशून पाठवलेल्या पाकिटाची पोच लगेच येते आणि पोच आली नाही तर पाकीट पुन्हा जातं. पण राउटर सगळ्यांसाठी जी हाळी देतो तिला पोचच नसते. कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही, हे राउटरला कळत नाही. त्यात प्रिंटर वीज वाचवायला झोपलेला असेल तर आणखी पंचाईत. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथं आहे’ असा संकेत सोडतो आणि झोपलेल्या यंत्रांसाठी राखून ठेवलेली हाळी त्यांतल्या ठरलेल्या संकेतापाठोपाठ सोडतो. नेमकं त्या क्षणी प्रिंटरनं डोळे उघडले नाहीत तर हाळी वाया जाते. कॉम्प्युटर दोन-तीनदा विचारतो, उत्तर येत नाही, मग ‘ऑफलाइन’ लिहून मोकळा होतो.

म्हणजे बिघाड मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. एक तर कॉम्प्युटर चुकीच्या आयपीला हाक मारतोय, नाहीतर हाक बरोबर आहे पण पोचत नाहीये. तुमच्याकडे यातलं काय आहे ते ओळखायचं. आता बिनखर्चाच्या तपासण्यांपासून सुरू करू.

१. चालू करायचा क्रम बदलून बघा

लाईट आली की राउटर पूर्ण उठायला एक-दोन मिनिटं घेतो. छोटा प्रिंटर त्याच्या आधीच जागा होतो आणि “मला पत्ता द्या” म्हणून विचारत राहतो. उत्तर द्यायला कुणी नसतं. मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो. हा पत्ता नियमानंच ठरलेला आहे, राउटर न सापडल्यावर तात्पुरता वापरायचा. पण तुमचा कॉम्प्युटर १९२.१६८ च्या गल्लीत आणि प्रिंटर १६९.२५४ च्या गल्लीत, त्यांची गाठ पडणार कशी?

दुसरी तऱ्हा याच्या उलटी. प्रिंटर इन्व्हर्टरवर चालूच राहिला, राउटर मात्र बंद पडून उठला. बऱ्याच घरगुती राउटरांत कुणाला कुठला पत्ता दिला याची वही मेमरीतच असते. लाईट गेली की वही कोरी. तो मग १९२.१६८.१.२३ बिनदिक्कत दुसऱ्याच मोबाईलला देऊन टाकतो.

म्हणून: प्रिंटर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करा. राउटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा. तीन मिनिटं थांबा, घड्याळ लावून. मग प्रिंटर, आणि सगळ्यांत शेवटी कॉम्प्युटर. एवढ्यानं चालू झालं तर बिघाड बहुधा पत्त्याचाच होता. पण हा उपाय नव्हे, पुढच्या वेळी लाईट गेली की परत हेच होणार. कायमचा इलाज सातव्या मुद्द्यात आहे.

२. दोघं एकाच वायफायवर आहेत का

प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्याच्या छापील पानावर वायफायचं नाव बघा, कॉम्प्युटरवरचंही बघा. नाव एका अक्षरानं जरी वेगळं असलं तरी वेगळं नेटवर्क असू शकतं. नावात ‘गेस्ट’ असेल तर तिथंच घोटाळा आहे. गेस्ट वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. नेट चालतं, प्रिंट जात नाही. काही राउटरांत मुख्य वायफायवरही ‘एपी आयसोलेशन’ नावाची खूण असते, ती चालू असेल तरी असंच होतं.

मोबाईलवरून प्रिंट जाते आणि कॉम्प्युटरवरून नाही, या लक्षणाचं कारण बऱ्याचदा इथंच सापडतं. मोबाईल एका राउटरवर असतो, कॉम्प्युटर दुसऱ्यावर.

३. प्रिंटरला जागं करा

प्रिंटरवरचं कुठलंही बटण दाबा, दहा सेकंद थांबा, मग प्रिंट द्या. निघाली? मग वर सांगितलेली झोपेची गोम तुमच्याकडे आहे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो ऑफ’ बंद करा आणि ‘स्लीप’ची वेळ वाढवा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटो ऑफ झालेला प्रिंटर पूर्ण बंदच असतो, त्याला नेटवर्कवरून कुणी उठवू शकत नाही.

४. प्रिंटरकडूनच त्याचा पत्ता काढून घ्या

जवळपास प्रत्येक वायफाय प्रिंटर नेटवर्कची माहिती कागदावर छापून देतो. कुठल्यावर बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं असतं, कुठल्यावर मेनूतून निघतं. त्या पानावर आयपी आणि मॅक असे दोन्ही पत्ते असतात. ते पान फेकू नका, माझं निम्मं काम त्याच पानावर होतं.

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पहिला मुद्दा पुन्हा वाचा. नाहीतर पहिले तीन गट कॉम्प्युटरच्या पत्त्याशी जुळवा. कॉम्प्युटरचा पत्ता बघायला कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजमधली खिडकी) उघडून इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करायचं. कॉम्प्युटर १९२.१६८.१.१० आणि प्रिंटर १९२.१६८.०.१५ असेल, तर त्या तिसऱ्या गटातल्या १ आणि ० मधला फरक छोटा नाही. घरगुती सेटिंगमध्ये त्या दोन वेगळ्या वस्त्या आहेत, एकीतली हाळी दुसरीत पोचत नाही. तुमच्याकडे बहुधा दोन राउटर आहेत असा त्याचा अर्थ. नववा मुद्दा बघा.

कधी कधी कॉम्प्युटर १७२.२०.१० ने सुरू होणारा पत्ता दाखवतो. म्हणजे तो कुणाच्या तरी आयफोनच्या हॉटस्पॉटवर बसलाय. सकाळी नेट नव्हतं म्हणून कुणीतरी जोडून दिलेलं असतं आणि नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

५. कॉम्प्युटर कुठल्या पत्त्यावर प्रिंट पाठवतोय

विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ असा भाग असतो. तिथं खूण केलेल्या ओळीत लिहिलेला आयपी आणि छापील पानावरचा आयपी जुळतो का बघा. त्या अडतीवर इथंच २३ होतं आणि पानावर २६.

‘ड्रायव्हर परत टाकला की बरं होतं’ याचं गुपितही हेच. ड्रायव्हरला काहीच झालेलं नसतं. परत टाकताना कॉम्प्युटर नवा पत्ता शोधून लिहून घेतो, म्हणून पुढचा पत्ता बदलेपर्यंत गाडी चालते.

६. रिकाम्या घराचं दार वाजवून बघा

ही तपासणी मला सगळ्यांत आवडते. हिला पैसा लागत नाही आणि उत्तर नि:संशय मिळतं.

प्रिंटरचं बटण बंद करा, पिनही काढा. एक मिनिट थांबा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’, स्पेस, आणि प्रिंटरचा आयपी टाइप करा. पिंग म्हणजे त्या पत्त्याला “आहेस का?” असं विचारणं. प्रिंटर बंद असताना उत्तर येताच कामा नये. त्याच आयपीकडून उत्तर आलं तर त्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी राहतंय.

उत्तर नाही आलं तरी लगेच निश्चिंत होऊ नका, काही यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत. पिंग झाल्यावर लगेच ‘एआरपी’, स्पेस, आडवी रेघ, ‘ए’ असं टाइप करा. कॉम्प्युटरनं हल्ली कुणाकुणाचे मॅक मिळवले त्याची यादी येते. प्रिंटरच्या आयपीसमोर पानावरच्यापेक्षा वेगळा मॅक दिसला तर चोर सापडला. त्या मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा मोबाईल आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाईल खरा मॅक लपवून स्वतः बनवलेला वापरतात आणि अशा बनवलेल्या पत्त्याची खूण त्या दुसऱ्या अक्षरात असते.

विश्रामबागेतल्या एका दुकानात मालक मला म्हणाले होते, “पुतण्या आला की प्रिंटर जातो बघा.” घरचे लोक त्यांनाच वेड्यात काढत होते. मी हीच तपासणी केली आणि ते शंभर टक्के बरोबर निघाले. आधी कुणीतरी प्रिंटरला १९२.१६८.१.५ असा पत्ता हातानं टाकून दिला होता, पण राउटरला ते सांगितलंच नव्हतं. राउटरच्या लेखी ५ नंबर मोकळा. पुतण्या अकराला यायचा, त्याचा मोबाईल पत्ता मागायचा, राउटर ५ द्यायचा. पुष्कळ राउटर पत्ता देण्याआधी “इथं कुणी आहे का?” असं विचारून बघतात, पण तेव्हा प्रिंटर झोपलेला असायचा. मग एका पत्त्यावर दोघं, आणि प्रिंटची पाकिटं मोबाईलकडे. माणूस एखादी गोष्ट रोज बघून सांगतो तेव्हा तिच्यामागं काहीतरी असतंच. त्यांचं ऐकून आधीच तपासलं असतं तर वर्षभराचा मनस्ताप वाचला असता.

एक सावधगिरी. वायफायची रेंज वाढवायचा एक्स्टेंडर लावलेला असेल तर या यादीत तीन-चार आयपींसमोर एकच मॅक दिसू शकतो. बरेच एक्स्टेंडर मागच्या यंत्रांच्या वतीनं स्वतःचाच मॅक पुढं करतात. तो पत्त्याचा झगडा नव्हे.

७. कायमचा इलाज: पत्ता राखून ठेवा

राउटरच्या पानावर जा. ब्राउझरमध्ये राउटरचा आयपी टाकायचा; आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो दिसतो तोच. पासवर्ड बहुतेक राउटरच्या खालच्या लेबलवर असतो. डीएचसीपीच्या भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ अशा नावाची सोय असते. तिथं प्रिंटरचा मॅक छापील पानावर बघून टाका आणि त्याच्यासमोर एक आयपी लिहा. समजा, १९२.१६८.१.५०. साठवा, राउटर आणि प्रिंटर परत चालू करा, नवीन पान छापून खात्री करा. मग विंडोजच्या पोर्टमध्ये तोच आयपी टाका.

मी प्रिंटरवर हातानं पत्ता टाकत नाही, राउटरमध्येच राखून ठेवतो. प्रिंटरमध्ये टाकला तर तो राउटरला कळत नाही आणि पुतण्यासारखा घोटाळा होतो. राउटरमध्ये राखला की वही एकाच ठिकाणी राहते आणि ही नोंद लाईट गेली तरी पुसत नाही. राउटरमध्ये ती सोयच नसेल तरच हातानं टाका, आणि तेव्हा राउटर वाटत असलेल्या आकड्यांच्या बाहेरचा निवडा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर ५० सुरक्षित, १५० नाही.

बिलिंगसाठी टॅब किंवा मोबाईल वापरत असाल आणि त्याचाही पत्ता राखायचा असेल, तर मॅक ‘अबाउट फोन’मधून घेऊ नका. तो खरा मॅक असतो, वायफायवर वापरला जाणारा नाही. त्या वायफायच्या नावावर टिचकी मारून आत जे दिसेल ते घ्या.

वायफायचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिलेला असेल तर तोही बदला. राउटर मोजकेच पत्ते वाटतो. दिवसभरात येऊन गेलेले मोबाईल मुदत संपेपर्यंत ते अडवून ठेवतात.

८. विंडोजमधल्या दोन खुणा

प्रिंटर आपोआप शोधायला लावला की विंडोज कधी कधी ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट बनवतं. त्यात आयपी स्पष्ट लिहिलेला नसतो, दर वेळी नव्यानं शोध घेतला जातो आणि तो शोधही हाळी देऊनच होतो. पत्ता राखल्यावर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ नवीन बनवून प्रिंटर त्याच्यावर न्या.

दुसरी: त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी खूण असते. विंडोज त्या वाटेनं प्रिंटरची तब्येत विचारतं आणि प्रिंटर त्या भाषेत बोलत नसला तर तो चालू असूनही ऑफलाइन दाखवतं. पिंगला उत्तर नीट येतंय, पत्ता बरोबर आहे, तरी ऑफलाइन? ही खूण काढून बघा.

९. दोन राउटर

फायबरचा डबा नेटवाल्यांनी बसवून दिलेला असतो, त्यात वायफाय असतं. मागच्या गोदामात रेंज येत नाही म्हणून दुसरा राउटर आणला जातो. आता दुसऱ्याची तार कुठल्या भोकात खुपसली यावर सगळं अवलंबून. ‘वॅन’मध्ये (बाहेरून नेट आत घ्यायचं भोक) खुपसली तर मागे वेगळी वस्ती तयार होते आणि पुढच्या कॉम्प्युटरला मागचा प्रिंटर सापडत नाही. ‘लॅन’मध्ये (आतली यंत्रं जोडायचं भोक) खुपसली आणि दुसऱ्याचं डीएचसीपी चालूच राहिलं, तर एका नेटवर्कात पत्ते वाटणारे दोन होतात आणि कोण कुणाला काय देईल याचा नेम राहत नाही.

बरोबर पद्धत: दुसऱ्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडा, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवेल. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच वस्तीतला पण वेगळा करा, आणि तार लॅनमध्ये लावा.

१०. पैसे घालायची वेळ

इथवर सगळं बरोबर आणि तरी तुटतंच, तर हाळी खरोखरच पोचत नाहीये. पत्र्याचं शटर, लोखंडी रॅक, भिंतीएवढी पोत्यांची थप्पी या सगळ्यांनी रेंज खाल्ली जाते. आधी प्रिंटर राउटरजवळ दोन दिवस ठेवून बघा. तिथं चालला तर माझा सल्ला सरळ आहे: प्रिंटरला लॅनचं भोक असेल तर तार ओढा. जागचा न हलणारा प्रिंटर वायफायवर ठेवण्यात काही फायदा नाही. तार शक्य नसेल तर राउटरची जागा बदला, उंचावर घ्या.

दुसरा खर्च राउटरच्या छोट्या यूपीएसचा. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. लाईट गेली तरी राउटर जागा राहिला की पहिल्या मुद्द्यातला निम्मा त्रास संपतो. लेझर प्रिंटर मात्र कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर कधीही लावू नका. आतला हीटर तापताना एकदम जो करंट खेचतो तो त्याला झेपत नाही.

ब्लूटूथचं वेगळं आहे

मोबाईलला जोडलेला छोटा थर्मल बिल प्रिंटर ब्लूटूथवर असेल तर त्यात बहुधा आयपी नसतोच, त्यामुळं वरचं काही लागू नाही. तिथं जोडी तोडून परत जोडायची, आणि तोच प्रिंटर दुसऱ्या मोबाईलनं धरून ठेवला नाही ना ते बघायचं.

पण मोबाईलचं नेट ब्लूटूथवरून कॉम्प्युटरला घेतलं असेल तर तिथं आयपीही आहे आणि एआरपीही. ब्लूटूथच्या आतून तारेच्या नेटवर्कसारखीच पाकिटं पाठवली जातात, आणि ब्लूटूथचा पत्ताही ४८ बिटांचाच असतो. अँड्रॉइडवर तेव्हा मोबाईलचा पत्ता बऱ्याचदा १९२.१६८.४४.१ असतो. त्याला पिंग जात असेल तर जोडणी ठीक आहे, अडचण पुढं आहे.

प्रिंट निघते पण वेबसाइट उघडत नाही

हा वेबसाइटच्या नावाचा बिघाड, पत्त्याचा नव्हे. ८.८.८.८ ला (हा गूगलचा पत्ता) पिंग करा. उत्तर येतंय पण साइट उघडत नाही, तर नावावरून आयपी काढून देणारी डीएनएसची यंत्रणा अडली आहे. मोबाईलमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कुणी काही लिहून ठेवलंय का बघा, ‘ऑटोमॅटिक’ करा. कॉम्प्युटरवर ‘आयपीकॉन्फिग’, स्पेस, तिरकी रेघ, ‘फ्लशडीएनएस’. एवढ्यानं नाही झालं तर नेटवाल्यांना फोन.

इथं हात थांबवा

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा पेटला असेल तर आत काहीही करू नका. पिवळी बारीक तार वाकवू नका, तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. नेटवाल्यांना बोलवा.

राउटरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, ॲडॅप्टरला जळका वास असेल किंवा दर वादळात एखादं यंत्र जातच असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

पुराचं पाणी लागलेलं यंत्र वाळलेलं दिसलं तरी चालू करून बघू नका. २०१९ च्या महापुरानंतर वरून कोरडे दिसणारे राउटर मी उघडले, तेव्हा आत पापुद्र्यासारखा गाळ बसलेला होता.

मिरजेच्या एखाद्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये काम करत असाल तर एक्स-रे, सिटी किंवा तपासणीच्या यंत्रांचे पत्ते स्वतः बदलू नका. त्या यंत्रांचे आयपी दुसऱ्या कॉम्प्युटरांत ठरवून लिहिलेले असतात. एक आकडा बदलला की रिपोर्ट जायचे थांबतील. तिथं कंपनीचा इंजिनिअरच हवा. प्रिंटरचा पत्ता राखतानाही आधी त्यांना विचारा, तो आकडा कुणाचा नाही ना.

राउटरच्या डीएनएसमध्ये तुम्ही किंवा नेटवाल्यांनी न टाकलेले आकडे दिसले, किंवा राउटरला जोडलेल्या यंत्रांच्या यादीत रात्री दुकान बंद असताना अनोळखी यंत्रं दिसली, तरीही जाणकाराला बोलवा आणि तोवर त्या नेटवरून बँकेचे व्यवहार करू नका.

आणि सातवा मुद्दा नीट करूनही आठवड्यात दोनदा बिघडलं, तर आणखी सेटिंगं हलवत बसू नका. जो येईल त्याच्या हातात प्रिंटरनं छापलेलं पान द्या, बिघडलं त्या दोन्ही वेळा लिहून द्या, आणि तेव्हा लाईट गेली होती का तेही सांगा. काम झालं की प्रिंटरच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आयपी, मॅकची शेवटची चार अक्षरं आणि तारीख लिहून घ्या. त्या अडतीवर मी लावलेली पट्टी हळदीनं पिवळी झालीय, पण १९२.१६८.१.५० अजून स्वच्छ वाचता येतं.